सावलीतली रंगीत पानांची बाग

ऊस हे भर उन्हाचे पीक. बांधावरच्या झाडाच्या सावलीत आलेला ऊस कसा बारीक राहतो, फुटवे कसे कमी पडतात, हे आपण सर्व सभासद दरवर्षी पाहतो. त्यामुळे ऊस उत्पादकाच्या डोळ्याला सावली म्हणजे नुकसान वाटते. शेतापुरते ते खरेही आहे. पण हीच नजर घेऊन आपण घराच्या परड्यात येतो, तेव्हा मात्र घोटाळा होतो.

परड्यातला जुना आंबा, विहिरीजवळची चिंच, गोठ्यामागचे जांभूळ यांच्याविषयी घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. "खाली काही येत नाही हो, नुसता पालापाचोळा. जागा फुकट अडलीय." असे चार वर्षे म्हणत म्हणत पाचव्या वर्षी झाडाला कुऱ्हाड लागते. मग उन्हाळ्यात घराचा पत्रा तापतो, दुपारची बाज टाकायला जागा उरत नाही, गोठ्यातली म्हैस धापा टाकते. पन्नास वर्षांची सावली दोन दिवसांत जाते आणि पुन्हा उभी करायला नातवाची वाट पाहावी लागते. शिवाय आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडे १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्या मालकीच्या जागेतले झाड असले तरी परवानगीवाचून ते तोडता येत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

"खाली काही येत नाही" ही तक्रार मुळातच अर्धवट आहे. झाडाखाली गुलाब येत नाही, झेंडू येत नाही, वांगी-मिरची येत नाही, हे खरे. पण ज्यांच्या पानांनाच रंग आहे अशी कितीतरी बहुवर्षायु झाडे सावलीतच चांगली होतात. फुलाचा बहार पंधरा दिवसांचा, पानाचा रंग वर्षातले कित्येक महिने टिकतो. एकदा लावले की उसाच्या खोडव्यासारखे पुन्हा पुन्हा फुटते. खर्च थोडा, आणि लागणारे बरेचसे साहित्य आपल्या शेतात व कारखान्यावरच आहे. या अंकात त्याचीच माहिती देत आहोत.

सावलीतली शेती आपल्या भागाला नवीही नाही. मिरज तालुक्यातले पानमळे आठवा. शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या आधाराने आणि सावलीने नागवेल वाढवण्याचे शास्त्र तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. हळद आणि आले हीदेखील विरळ सावली मानवणारी पिके. तेव्हा आपल्याला शिकायचे आहे ते एवढेच, की पानमळ्याची अक्कल परड्यात कशी वापरायची.

आधी सावली ओळखा

सगळी सावली सारखी नसते. शेवगा, कडुनिंब यांच्याखाली ऊन चाळणीतून गाळल्यासारखे पडते. ती विरळ सावली. आंबा, जांभूळ, फणस, वड यांच्याखाली दाट सावली असते. घराच्या भिंतीची सावली निराळी. तिथे वरून उजेड असतो, पण थेट ऊन ठरावीक वेळीच येते.

सावली किती दाट आहे हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. दुपारी बारा-एकच्या सुमारास जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर हातभर उंचीवर पंजा धरा. पंजाची सावली रेखीव पडली तर तिथे उजेड भरपूर आहे. कडा पुसट दिसल्या तर मध्यम सावली. पंजाची सावली जवळजवळ दिसलीच नाही तर दाट सावली समजा. झाडाखाली चार-पाच ठिकाणी असे करून पाहा आणि खुंट्या मारून ठेवा. रोपे घ्यायला जाण्यापूर्वी हे करावे. नाहीतर रोपवाटिकेत जे डोळ्यात भरेल ते घरी येते आणि दोन महिन्यांत वाळून जाते.

घराच्या बाजूंचाही विचार करा. पश्चिमेचे ऊन तिसऱ्या प्रहरी येते आणि ते फार कडक. नाजूक पान तिथे भाजते. पूर्वेचे सकाळचे ऊन मात्र जवळजवळ सर्व झाडांना मानवते. उत्तरेच्या भिंतीकडे हिवाळाभर सावली असते. पण आपल्या भागात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून त्या दिवसांत उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागते. पाऊस सुरू झाला की ढगांमुळे त्रास नाही, पण मेच्या अखेरीस वळवाने दगा दिला तर तिथल्या रोपांवर दोन आठवडे गोणपाटाचा आडोसा करावा लागतो.

पानाला रंग येतो कसा

पानातले हिरवे द्रव्य उजेडाच्या जोरावर झाडाचे अन्न तयार करते. पांढऱ्या किंवा पिवळसर पट्ट्याच्या पानात त्या पट्ट्यापुरते हे द्रव्य नसते, किंवा फार थोडे असते. म्हणजे पांढरा भाग हा खाणारा, कमावणारा नव्हे. घरात चार कमावते आणि दोन बसून खाणारे असले तर संसार चालतो, उलट झाले तर कठीण. म्हणून ज्या झाडाच्या पानात पांढरा भाग जास्त, त्याला उजेडही थोडा जास्त लागतो. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले तर त्याची वाढ खुंटते.

अशा झाडाला कधी कधी पूर्ण हिरवी फांदी फुटते. ती जोमदार दिसते म्हणून आपण खूश होतो. पण तिची कमाई जास्त असल्याने ती बाकीच्या फांद्यांवर मात करते आणि वर्षभरात सगळे झाड हिरवे होऊन बसते. अशी फांदी दिसताच बुडापासून कापून टाकावी.

लाल आणि जांभळ्या पानांत हिरवे द्रव्य असतेच. वरच्या तांबड्या रंगाखाली ते झाकलेले असते एवढेच. लाल माठाच्या कुळातल्या शोभेच्या झाडांत बीटमध्ये असतो त्याच जातीचा रंग असतो आणि तो उन्हावरच खुलतो. म्हणून आल्टरनँथेरासारखी लाल पानांची बुटकी झाडे सावलीत हिरवट पडतात. त्यांना झाडाच्या कडेला, उन्हाच्या हद्दीवर जागा द्यावी. क्रोटनचेही तसेच. पिवळे, तांबडे, ठिपक्यांचे क्रोटन दाट सावलीत जगते, पण रंग हरवते. त्याला निदान सकाळचे तीन-चार तास ऊन हवे. जाता जाता सांगतो, आपले शोभेचे क्रोटन आणि ज्याचे शास्त्रीय नाव क्रोटन आहे तो जमालगोटा, ही दोन निराळी झाडे. कूळ एक, जात वेगळी. तरी शोभेच्या क्रोटनचा चीकही अंगाला लागू देऊ नये, खाज येते.

ओळखीची झाडे आधी

नवी रोपे विकत घेण्यापूर्वी घरात व शेजारी काय आहे ते पाहा. हळदीचे लांबरुंद पान सावलीत फार देखणे दिसते. आंब्याच्या कडेला दोन ओळी कंद लावले तर श्रावणात पातोळ्यांना पाने मिळतात आणि माघात थोडी हळदही निघते. पानओव्याची पांढऱ्या कडेची एक जात मिळते. ती शोभेची शोभा आणि भज्यांची सोय. आरारूटचीही पांढऱ्या पट्ट्यांची जात आहे, ती मध्यम सावलीत गुडघ्याएवढी होते. अळू तर न्हाणीच्या पाण्यावर घरोघरी असतेच. त्यातल्या काळ्या देठाच्या अळूचे पान हिरव्या गर्दीत उठून दिसते.

यानंतर रोपवाटिकेतली झाडे. आपल्या हवेत सावलीत टिकणारी आणि नवख्याला जमणारी तेवढीच इथे देतो.

कोलियस : मूळचे आग्नेय आशियाकडचे. एकाच पानात तांबडा, पिवळा, हिरवा, जांभळा असे रंग. विरळ सावली आणि सकाळचे ऊन मानवते. याला तुरा आला की तो लगेच खुडावा. उसाला तुरा आला की वजन घटते हे आपल्याला सांगायला नको, कोलियसचेही पान तुऱ्यानंतर लहान होत जाते. वर्ष-दीड वर्षात खोड लाकडासारखे होते. तेव्हा शेंडे खुडून नवी रोपे करावीत. चार बोटे लांबीचा शेंडा पाण्याच्या ग्लासात ठेवला तरी आठ-पंधरा दिवसांत मुळ्या फुटतात.

कॅलेडियम : काही जण याला रंगीत अळू म्हणतात. मूळ दक्षिण अमेरिकेचे. पांढरी, गुलाबी, तांबड्या शिरांची पातळ पाने. याचा कंद असतो. मृगाच्या पावसाबरोबर फुटतो, पावसाळाभर शोभतो आणि दिवाळीनंतर पाने पिवळी पडून झाड नाहीसे होते. ते मेलेले नसते, कंद झोपलेला असतो. बरेच जण कुंडी रिकामी समजून ओतून देतात. पाने गेली की पाणी बंद करा, जागेवर खूण ठेवा आणि पुढच्या मृगाची वाट पाहा.

ऱ्हिओ आणि झेब्रिना : दोन्ही मेक्सिकोकडची, एकाच कुळातली. ऱ्हिओचे पान वरून हिरवे व खालून जांभळे. बुटके आणि काटक असल्याने वाटेच्या कडेला लावायला उत्तम. झेब्रिना जमिनीवर पसरते, पानावर चंदेरी व जांभळे पट्टे. मोकळी जमीन झाकायला याच्यासारखे दुसरे नाही. पण फार पसरू लागले तर कडा छाटाव्यात.

स्नेक प्लांट : तलवारीसारखी उभी पाने, पिवळ्या कडा. मूळ पश्चिम आफ्रिकेचे. पाणी कमी, सावली कितीही. विसराळू माणसासाठी हेच झाड. पिवळ्या कडेच्या जातीचे पान कापून लावले तर नवे झाड बिनकाठाचे हिरवे येते. काठ टिकवायचे असतील तर गड्डे फोडूनच लावावीत.

अ‍ॅग्लोनेमा : चंदेरी-हिरव्या पानांची जुनी जात दाट सावलीतही वर्षानुवर्षे टिकते. गुलाबी-तांबड्या नव्या जाती महाग आणि थंडीला नाजूक. सुरुवात जुन्या जातीनेच करावी.

मरांटा आणि कॅलेथिया : पानावर पिसाऱ्यासारखी नक्षी. मरांटाची पाने रात्री हात जोडल्यासारखी उभी होतात, सकाळी पुन्हा पसरतात. मुलांना पाहायला गंमत. मात्र हवा दमट लागते, म्हणून मोरीच्या, पाण्याच्या टाकीच्या जवळपासची जागा यांना द्यावी.

कॉर्डिलाइन आणि ड्रॅसिना : कमरेएवढी, पुरुषभर उंच होणारी. तांबड्या-जांभळ्या पानांचे कॉर्डिलाइन मागच्या ओळीत लावले की पुढची बुटकी झाडे उठावदार दिसतात. उंच होऊन बूड उघडे पडले तर वीतभराचे तुकडे करून लावावेत, प्रत्येक तुकडा फुटतो.

मनी प्लँट सर्वांनाच ठाऊक आहे. त्याला आंब्यावर मात्र चढू देऊ नये. खोडाला धरून वर गेला की त्याची पाने सुपाएवढी होतात, वेल जाड होतो आणि मग काढणे जड जाते. छाटलेल्या फांद्या ओढ्यात किंवा कालव्यात टाकू नयेत, तिथे रुजून पसरतात.

सगळेच रंगीत लावले तर बाग जत्रेतल्या दुकानासारखी दिसते. मध्ये मध्ये साधे हिरवे नेचे लावावेत. हिरव्याच्या शेजारी रंग खुलतो. आणि एका जातीचे एकेक रोप विखुरण्यापेक्षा पाच-सात रोपांचा ताटवा करावा. खर्च तेवढाच, शोभा चौपट.

मुलाबाळांना आणि जनावरांना जपा

हा भाग कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा. अळू नीट शिजले नाही की घसा खवखवतो, हे प्रत्येक माउलीला माहीत आहे. म्हणून तर आपण त्यात चिंच किंवा आमसूल घालतो. ही खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे येते. अळूच्याच कुळातली कॅलेडियम, डिफेनबाखिया, अ‍ॅग्लोनेमा, सिंगोनियम, मनी प्लँट ही सगळी शोभेची झाडे याच गुणाची आहेत. त्यातले डिफेनबाखिया सर्वांत वाईट. पान चावले तर जीभ व ओठ सुजतात, बोलता येत नाही, कधी श्वासालाही अडथळा होतो. चीक डोळ्यात गेला तर डोळा भयंकर झोंबतो.

म्हणून रांगते मूल घरात असेल तर डिफेनबाखिया लावूच नये. कॅलेडियम आणि खाण्याचे अळू शेजारी-शेजारी कधीही लावू नये. घाईच्या वेळी, अंधारात, पाहुण्या बाईच्या हातून पान खुडले जायला वेळ लागत नाही. रंगीत अळू हे नाव गोड आहे, पण ते भाजीचे नव्हे, हे घरात सर्वांना सांगून ठेवा. मुलाने पान चावलेच तर तोंडातले तुकडे काढून गार पाण्याने चूळ भरायला लावावी, उलटी करवू नये आणि सूज वाढत असेल किंवा श्वास लागत असेल तर तडक दवाखाना गाठावा. कोणते पान खाल्ले ते सोबत न्यावे.

छाटणी केलेला पाला गव्हाणीत टाकू नका. शेळी-करडू सुटे असेल तर बागेला तारेचे किंवा बांबूचे कुंपण हवेच. शेळीचा आणि बागेचा सलोखा होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

झाडाच्या मुळांचा मान ठेवा

आंब्याखाली बाग करायची म्हणून कुदळीने सगळी जमीन खणून काढली तर आंब्याचीच मुळे तुटतात. वरच्या वीत-दीड वीत मातीतच त्याची अन्न घेणारी बारीक मुळे असतात. तेव्हा खुरप्याने, जिथे मुळांमध्ये मोकळी जागा आहे तिथेच लहान खड्डे घ्यावेत. अंगठ्याएवढे मूळ लागले तर खड्डा सरकवावा. दुसरी चूक म्हणजे झाडाच्या बुंध्याशी मातीचा ढीग घालून वरंबा करणे. बुंधा मातीत गाडला की साल कुजते. बुंध्यापासून दोन-तीन हात जागा मोकळी सोडा. जिथे मुळेच मुळे आहेत तिथे सरळ कुंड्या ठेवा, फुटके माठ आणि जुनी घमेलीसुद्धा चालतात. बुडाला भोके मात्र हवीत.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. उन्हात ते चालून जाते, सावलीत मात्र पाणी लवकर सुकत नाही आणि मुळे कुजतात. म्हणून दोन घमेली माती, एक घमेले कुजलेले खत आणि एक घमेले वाळू किंवा विटांचा बारीक चुरा असे मिश्रण करावे.

खताच्या बाबतीत सभासदांचे नशीब चांगले. १०० टन ऊस गाळला की साधारण ३ ते ४ टन प्रेसमड निघते. त्यात सेंद्रिय पदार्थ, स्फुरद व चुना असतो. पण कारखान्यावरून आणलेले ताजे प्रेसमड तसेच रोपाला घालू नये. ते कुजताना तापते आणि मुळे भाजतात. शेण व पालापाचोळ्याबरोबर थर देऊन, ओलावा ठेवून, अधूनमधून चाळवून निदान तीन महिने कुजू द्यावे. हाताला गार लागले, वास गेला आणि भुरभुरीत झाले की वापरायला हरकत नाही. बगॅसचेही तसेच. ताजे बगॅस मातीतले नत्र ओढून घेते आणि उरल्या गोडीला मुंग्या लागतात. बॉयलरची राख अल्कधर्मी असते. ती चिमूटभर चालेल, पाटीभर नको.

पाचटाचा उपयोग तर इथे सर्वांत चांगला. एका हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते. शेतात ते जाळू नये, हे आता बहुतेकांना पटले आहे. त्यातले दोन भारे बारीक तोडून झाडाखाली दोन-तीन बोटे थर पसरावा. ओल टिकते, तण दबते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याचे खत होते. रोपाच्या बुडाशी चार बोटे जागा मोकळी ठेवावी आणि भिंतीला, लाकडी चौकटीला पाचट टेकू देऊ नये, वाळवी लागते.

चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, म्हणजे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसतात, तसा तो या झाडांवरही पडतो. त्याला नवीन रंग समजू नये. कुजलेल्या खतातून थोडे हिराकस दिले की पान पुन्हा रंगावर येते.

पाणी आणि डास

सावलीतल्या झाडाला पाणी कमी लागते. बोट मातीत घालून पाहावे, दोन पेरांपर्यंत कोरडे लागले तरच पाणी द्यावे. क्षारपड पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात. अशांनी पावसाचे पाणी पिंपात धरून नाजूक झाडांना तेच घालावे. न्हाणीचे पाणी हळदीला, कॉर्डिलाइनला चालते, पण साबण-सोड्याचा गाढा फेस असलेले धुण्याचे पाणी नको.

कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशा स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आठवड्यातून एक दिवस सगळ्या बशा, पिंपे, टाक्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात. पिंपाला दाट कापड बांधावे. बाग केली आणि घरात तापाचे अंथरूण पडले, असे होता कामा नये.

गोगलगाय, पिठ्या आणि साप

सावली, ओल आणि पालापाचोळा ही शंखी गोगलगायीची आवडती जागा. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात या गोगलगायींनी सोयाबीनचे किती नुकसान केले ते आपण ऐकले आहे. परड्यातली गोगलगाय उद्या शेतात जाते. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट बागेत पसरून ठेवावे, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून किंवा चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. उघड्या हाताने धरू नये. सबंध वस्तीने एकाच वेळी केले तर उपयोग होतो.

पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. सुरुवातीलाच कापडाच्या बोळ्याने पुसून काढला तर औषधाची गरज पडत नाही. उन्हाळ्यात लाल कोळी येतो, त्यावेळी पानांवर खालून पाण्याचा फवारा द्यावा.

सापाची भीती पुष्कळांना वाटते आणि ती रास्त आहे. भिंतीपासून तीन फूट पट्टा स्वच्छ, झाडलेला ठेवावा. दाराशी, खिडकीशी आणि जिथे रात्री उठून जावे लागते त्या वाटेवर बुटकी झाडेच लावावीत. विटा, लाकडे, जुने टायर यांचे ढीग बागेत नकोत. उंदीर आले की मागोमाग साप येतो. रात्री बॅटरीशिवाय बागेत पाय टाकू नये.

वर्षाचे काम

मृगाचा पाऊस पडून जमीन चांगली ओली झाली की लागण करावी. कॅलेडियमचे कंद त्याच्या आठ दिवस आधी लावावेत. आषाढ-श्रावणात कोलियस, कॉर्डिलाइन यांचे तुकडे लावावेत आणि क्रोटनला गुटी बांधावी. हस्ताचा पाऊस ओसरला की एकदा खुरपणी व मूठ-मूठ कुजलेले खत. थंडीत खत देऊ नये, पाणीही कमी करावे. शिशिरात कडुनिंबाची पानगळ होते तेव्हा खालच्या झाडांवर अचानक ऊन येते. नाजूक कुंड्या त्यावेळी हलवाव्यात. आंब्याच्या उतारणीला माणसांना वावरायला वाट लागते, शिड्या लागतात. म्हणून पहिल्यापासूनच दोन हात रुंद वाट आणि बाज टाकण्यापुरती जागा मोकळी सोडून बाग आखावी. झाडाखाली माणसाला बसता आले नाही तर त्या बागेचा उपयोग काय?

खर्च कमी कसा करावा

पहिल्या वर्षी दहा-बारा रोपांपेक्षा जास्त विकत घेऊ नयेत. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक झाडे फांदीपासून, गड्ड्यापासून वाढतात. एका घराने कोलियस घेतले, दुसऱ्याने ऱ्हिओ, तिसऱ्याने आरारूट आणि दुसऱ्या पावसाळ्यात अदलाबदल केली की गल्लीभर बागा होतात. महिला बचत गटांनी हे मनावर घ्यावे. परड्यातल्या सावलीत पॉलिथिनच्या पिशव्यांत रोपे करून तालुक्याच्या बाजारात विकता येतात. त्याला वेगळी जमीन लागत नाही, उसाच्या पाण्याची पाळी लागत नाही.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पुण्याला जाणाऱ्या सभासदांनी एम्प्रेस गार्डनला जरूर भेट द्यावी. १८३० मध्ये स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था तिथली व्यवस्था पाहते. मोठमोठ्या जुन्या वृक्षांखाली काय काय वाढू शकते ते तिथे डोळ्यांनी दिसते. जानेवारीत तिथे फळाफुलांचे प्रदर्शनही भरते.

आमची सभासद बंधु-भगिनींना एवढीच विनंती आहे. परड्यातल्या जुन्या झाडाविषयी यंदा काही निर्णय घ्यायचा असेल, तर एक पावसाळा थांबा. त्याच्याखाली पाच-सात रोपांचा एक ताटवा, दोन ओळी हळद आणि वर पाचटाचा थर, एवढे करून पाहा. दसऱ्यापर्यंत सावलीत रंग दिसू लागेल. त्यानंतरही झाड अडचणीचेच वाटले तर तो निर्णय तुमचा. आमचा अंदाज असा आहे, की कुऱ्हाड घेऊन येणाऱ्याला घरातली लहान मुलेच आडवी होतील.